विज्ञानपेटी उघडली, मुलं खेळली, आता पुढे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळा द्विशिक्षकी, तुमच्याकडे तिसरी आणि चौथी मिळून २७ मुलं. कपाटात पडलेली विज्ञानपेटी तुम्ही काढलीत, मुलांच्या हातात दिलीत, तासभर धुडगूस झाला आणि शेवटी "काय शिकलात?" म्हटल्यावर "बाई, मज्जा आली" एवढंच उत्तर मिळालं. त्यात एक दाते रोबोटिक्सचं किट देतो म्हणतायत, ते घ्यावं का, आणि हे सगळं मूल्यमापनात कुठे दाखवायचं, हेही तुम्ही विचारलंय.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली बरीचशी जुन्नर तालुक्यात. आधी एवढंच सांगते की कुलूप काढलंत हे मोठं काम झालं. पुष्कळ शाळांत ती पेटी जडसंग्रहाच्या, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या, नोंदवहीत सुखरूप असते आणि आपल्याबरोबरच निवृत्त होते. काही हरवलं तर भरून कोण देणार, ही भीती. मीही पहिली चार वर्षं तेच केलं.

धुडगुसाचं वाईट वाटून घेऊ नका. पहिला तास तसाच जातो आणि तो तसाच जाऊ द्यायचा असतो. चुंबक हातात आला की मूल तो खिडकीच्या गजाला, बाकाच्या खिळ्याला, कंपासपेटीला, शेजारणीच्या कानातल्याला लावून बघणारच. त्या वेळी तुम्ही "चुंबकाला दोन ध्रुव असतात" असं सुरू केलंत तर तुमच्याकडे कोण बघणार? "काय शिकलात" हा प्रश्न त्या दिवशी विचारायचाच नाही. दुसऱ्या दिवशी तेच सामान पुन्हा द्यायचं आणि सोबत एक लहानशी अडचण द्यायची. काचेच्या ग्लासात पाणी, तळाशी टाचणी, हात ओला न करता बाहेर काढा. किंवा घरून प्रत्येकाने एक स्टीलची वाटी आणा आणि चिकटते का बघा. या दुसऱ्याने वर्गात भांडण लागतं, कारण काही वाट्या चिकटतात, काही चिकटत नाहीत, आणि सगळ्या स्टीलच्याच असतात. "लोखंड चिकटतं" हे पाठ केलेलं वाक्य तिथे अडखळतं. मग कोणीतरी म्हणतं, आमची वाटी खोटी आहे. कोणी म्हणतं, चुंबक दमला. दमला असेल तर कसं कळेल, एवढंच आपण विचारायचं.

माझं सगळं म्हणणं यातच आलं. खेळणं नीट चालतं तेव्हा मुलं टाळ्या वाजवतात आणि विसरतात. ते अडतं तेव्हा डोकं चालू होतं. म्हणून खेळणं पहिल्या फटक्यात चालावं म्हणून आपण जी धडपड करतो, सगळ्यांची आधी स्वतः करून ठेवतो, ती धडपड थांबवायची.

एक प्रसंग सांगते. चौथीचा वर्ग, फेब्रुवारी महिना, आम्ही साधी मोटर करत होतो. सामान सोपं आहे: एक जाड सेल, त्याच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना, त्या सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून घट्ट बसवलेल्या, सेलच्या पाठीवर चुंबक, आणि पिनांच्या भोकांत अडकवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. तार मोटर वाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. सेलभोवतीच दहा वेढे घेतले की वेटोळं तयार होतं, दोन टोकं दोन बाजूंना बाहेर काढायची. या तारेवर पातळ आवरण असतं, ते ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय वीज आत जात नाही. खुबी अशी की एक टोक चारी बाजूंनी खरवडायचं, आणि दुसरं फक्त वरच्या अंगाने, अर्धं.

एका मुलीने दोन्ही टोकं लख्ख खरवडली होती. तिची कामं नेहमीच टापटीप. वेटोळं ठेवलं की ते थरथरायचं, थोडं झुलायचं आणि थांबायचं. शेजारच्या मुलाचं काम गबाळं, त्याचं मात्र गरगर फिरत होतं. ती रडकुंडीला आली. मला उत्तर माहीत होतं आणि जीभ चावून बसणं किती कठीण असतं ते शिक्षकालाच कळेल. तिने आधी सेल बदलला. मग चुंबक बदलला. मग त्याचं वेटोळं आपल्या पिनांत ठेवलं, तर ते फिरलं! म्हणजे सेल, पिना, चुंबक सगळं ठीक, दोष वेटोळ्यात. मग दोन्ही वेटोळी खिडकीशी नेऊन उजेडात धरली आणि म्हणाली, "बाई, ह्याच्या तारेला एका अंगाला रंग तसाच राहिलाय."

कारण मोठ्यांसाठी सांगते. वेटोळ्याला अर्ध्या फेऱ्यात पुढे ढकललं जातं, उरलेल्या अर्ध्यात तोच धक्का उलटा बसतो. त्या उलट्या अर्ध्यात वीज तुटली तर वेटोळं आपल्याच वेगाने पुढे जातं आणि पुन्हा धक्का खातं. उरलेलं आवरण नेमकं हेच काम करतं. हे चौथीत सांगायची काही गरज नाही. तिने जे केलं, एका वेळी एकच वस्तू बदलून दोष शोधला, ते सांगून शिकवता येत नाही. (काळजी एवढीच: वेटोळं थांबलेलं असताना जोडून ठेवू नका, तार आणि सेल दोन्ही तापतात.)

या "एका वेळी एकच बदल"चं नाव मुलांना आधीच माहीत असतं. तिसरीत मी कागदाची भिंगरी करायचे. कागदाची पट्टी, वरून मधोमध फाडून दोन पंख, एक पुढे एक मागे दुमडायचा, खाली टाचणपिनेचं वजन. उंचावरून सोडली की गिरक्या घेत उतरते. पंख उलटे दुमडले की गिरकी उलटी. मुलं आपसूक शर्यत लावतात, कोणाची सावकाश उतरते. दहा मिनिटांत ओरडा सुरू: "बाई, हा बाकावर चढून सोडतोय, रडीचा डाव!" इथेच हात घालायचा. रडीचा का? तो उंचावरून सोडतोय. बरं, मग दोघांनी एकाच उंचीवरून सोडा. आता तुझी पिन दोन, त्याची एक, हा डाव रडीचा की खरा? पुढचं सगळं वर्ष आमच्या वर्गात प्रयोगावर आक्षेप घ्यायचा तो याच शब्दांत. मटकीला मोड आणायचे म्हटलं की मुलंच सांगायची, "बाई, तिच्या वाटीत पाणी जास्त आहे आणि ऊनपण आहे, मग कशामुळे मोड आले ते कसं कळणार? रडीचा डाव झाला हा." आठवी-नववीला विज्ञान शिकवणाऱ्यांना विचारा, हे वाक्य त्यांना किती मुलांकडून मिळतं.

तुमच्या प्रश्नांच्या पद्धतीबद्दलही बोलते. "असं का झालं?" हा प्रश्न प्राथमिकला फार जपून वापरायचा. "का" म्हटलं की मूल पुस्तक आठवायला लागतं, नाहीतर तुमचा चेहरा वाचायला. "काय केलं तर लवकर पडेल?", "काय केलं तर बुडेल?" असं विचारलं की हात चालतो. संत्रं पाण्यात तरंगतं, सोललं की बहुधा बुडतं. तिथे कारण विचारण्याआधी "बुडालेलं परत तरंगवून दाखव" म्हणा. मुलं सालीत गुंडाळतात, वाटीत ठेवतात, पाण्यात मीठ ओततात. मिठाचं तर मी कधीच सांगितलं नव्हतं. नावं नंतर द्यायची. घनता हा शब्द चौथीत नाही आला तरी काही बिघडत नाही.

आणि आपलं चुकतं तेव्हा काय करायचं? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणार आहे. मला तो सावलीने विचारला.

डिसेंबरमध्ये आम्ही मैदानात एक मीटरची काठी रोवली. गवंडीकाम करणाऱ्या एका पालकांचा ओळंबा आणून ती सरळ उभी केली. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर एक खडा ठेवायचा. सगळ्यात छोटी सावली बाराला पडणार, असं मी आधीच सांगून बसले होते. बारा वाजले. सावली छोटी होतच राहिली. सव्वाबारा, तरी होतच राहिली. साडेबाराच्या आणि बारा पस्तीसच्या खड्यांत फरक कळेना, आणि मग ती वाढायला लागली. मी काय म्हणावं? "काठी कलली असेल, उद्या परत करू." दुसऱ्या दिवशीही तेच. एक पोरगा म्हणाला, "काठी बरोबर आहे, शाळेचं घड्याळ पुढं आहे." मी त्याला गप्प बसवलं.

चूक माझी होती आणि तो बऱ्यापैकी बरोबर होता. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, ती रेषा उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाते. जुन्नर ७४ अंशांच्या अलीकडे. मधल्या साडेआठ अंशांना, अंशाला चार मिनिटं या हिशेबाने, सूर्य आपल्या डोक्याजवळ सुमारे ३४ मिनिटं उशिरा येतो. त्यात वर्षभरात आणखी काही मिनिटांची मागेपुढे होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडे सगळ्यात छोटी सावली १२:१८ च्या सुमारास येते, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४८ च्या सुमारास. चार दिवसांनी मी वर्गात म्हटलं, बाईंचं चुकलं, घड्याळ मिर्झापूरचं आहे आणि सावली आपली. त्या पोराचा चेहरा मला अजून दिसतो. मी आधीच "बाराला" असं सांगून ठेवलं नसतं तर चार दिवस लागले नसते, हेही खरं.

हा खेळ तुम्ही जरूर करा, कारण याला काठीशिवाय काही लागत नाही आणि तो वर्षभर चालतो. आमच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या सुमारास एक मीटर काठीची माध्यान्हीची सावली साधारण ९२ सेंटिमीटर भरते, २१ मार्चच्या सुमारास ३५. तिसरीची मुलं सावलीएवढी सुतळी कापून भिंतीवर टांगतात, मोजपट्टीही लागत नाही. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे शून्य सावलीचे दिवस आपल्याला वर्षातून दोनदा मिळतात. पण पहिला मे महिन्यात, तेव्हा शाळेला सुट्टी, आणि दुसरा जुलैत किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा आभाळ. निसर्गाने शाळेचं वेळापत्रक बघितलेलं नाही.

साहित्याचं आता भराभर सांगते. आगकाडी आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांची जोडणी तुम्ही पाहिली असेल. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी ती १९७८ च्या सुमारास होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना बसवली. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या १६ शाळांत सुरू झालेला तो कार्यक्रम. पुढे पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून केलेली शेकडो खेळणी उभी केली. काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलंडतो, एवढं मुलांच्या हाताला कळलं की त्यांना शाळेच्या पत्र्याखालची कैची, म्हणजे छपराचा लोखंडी सांगाडा, बघायला बाहेर न्या. लोहाराने तिथे सगळीकडे त्रिकोणच का घातलेत ते त्यांना सांगावं लागत नाही. काड्यांच्या टोकांवरचं गुल आधी खरवडून टाका.

बल्बचा घोळ सगळ्यांचा होतो. पुस्तकात टॉर्चचा छोटा बल्ब दाखवलेला असतो, बाजारात हल्ली एलईडीच मिळतो. दीड व्होल्टच्या एका सेलवर एलईडी लागत नाही आणि मुलं समजतात आपलं चुकलं. लाल एलईडीला सुमारे दोन व्होल्ट लागतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास. दोन सेल एकापुढे एक जोडा. एलईडीचा लांब पाय धनाकडे गेला पाहिजे, उलटा लावला तर पेटत नाही. हे उलट-सुलट मुलांनाच सापडू द्या. बटणाएवढे चपटे सेल मात्र शाळेत आणू नका. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, आणि तुमच्या शाळेत पहिलीची मुलंही फिरतात. ते छोटे जोरदार चुंबकही तसलेच, दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना चिकटतात. जुन्या स्पीकरमधला कडीसारखा मोठा चुंबक सगळ्यात बरा.

आणि जेसीबी. दुसरं काही केलं नाहीत तरी हे करा. मेडिकलच्या दुकानातून सुईशिवायच्या नव्या सिरिंजा, ५ मिलीच्या आणि १० मिलीच्या, आणि त्या जोडायला बारीक नळी. वापरलेल्या सिरिंजा कोणी फुकट दिल्या तरी नको. एक दाबली की दुसरीचा दट्ट्या वर येतो. पुठ्ठ्याचा हात लावला की तो माती उचलतो. आधी नळीत हवाच ठेवा, मुलं म्हणतील जेसीबी मऊ आहे, उशिरा उचलतो. मग पाणी भरा. बारीक सिरिंज दाबली तर जाड सिरिंजचा दट्ट्या थोडाच सरकतो पण वजन जास्त उचलतो, आणि उलट केलं तर लांब जातो पण जोर नसतो. गावात जेसीबी आला की आमची मुलं बकेटीऐवजी तिच्या चकचकीत दांड्यांकडे बघायची. चालकाला विचारायची, "काका, आत पाणी आहे का?" तेल आहे असं त्याने सांगितलं, ते त्यांनी शाळेत येऊन मला सांगितलं.

रोबोटिक्सच्या किटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: प्राथमिकला नको. सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबसुद्धा सहावीपासून पुढे आहेत, ते उगाच नाही. २७ मुलांत दोन किटं आली की चार मुलांच्या हातात सामान, बाकीची प्रेक्षक. चित्रात दाखवल्याप्रमाणे तुकडे जोडायचे, आतलं काही दिसत नाही, आणि एक तुकडा हरवला की किट पुन्हा कपाटात. दात्यांना नाराज करू नका, त्यांना यादी द्या: लहान-मोठे स्क्रू ड्रायव्हर आठ-दहा, पक्कड, चांगल्या कात्र्या, एक भिंग प्रत्येक तिघांत, आणि बिघडलेली भिंतीवरची घड्याळं, रेडिओ, खेळण्यातल्या गाड्या. फोटो काढायला तेही चांगलं दिसतं.

बिघडलेलं घड्याळ खोलणं हा तिसरी-चौथीचा सर्वोत्तम तंत्रज्ञानाचा तास आहे असं मी मानते. सेलवरच्या साध्या भिंतीवरच्या घड्याळात एक तारेची गुंडाळी असते आणि जवळ एक छोटासा चुंबक. दर सेकंदाला तो अर्धी फेरी फिरतो, आणि मग प्लॅस्टिकची दातेरी चाकं ती गती कमी करत करत काट्यांपर्यंत नेतात. मुलं दाते मोजतात. इथे पाढे लागतात, आणि न सांगता लागतात. मोबाइलची बॅटरी, चार्जर, जुना डबडा टीव्ही, सीएफएल आणि ट्यूबलाइट मात्र खोलायला द्यायची नाहीत. विजेच्या बोर्डाजवळ काही नाही, एवढा नियम पहिल्या दिवशी सांगायचा.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. तिघांचा गट केला की स्क्रू ड्रायव्हर मुलांच्या हातात जातो आणि वही मुलींच्या. "तिचं अक्षर छान आहे बाई." मी वर्षानुवर्षं त्याला सहकार्य समजत होते. नंतर नियम केला: आज ज्याने लिहिलं, उद्या तो खोलणार. अक्षर कसंही असो.

मूल्यमापनाची काळजी करू नका. २०१० पासून आपल्याकडे आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता शिकता करायच्या, मूल्यमापनात निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम ही साधनतंत्रं आहेतच. आपण ती बहुतेकदा बसून भरतो एवढंच. मी खिशात छोटी वही ठेवायचे आणि एका तासाला चार-पाच मुलांबद्दल एकेक ओळ लिहायचे. "सेल बदलून पाहिला." "दुसऱ्याचं वेटोळं आणून तपासलं." "अंदाज आधी सांगितला, चुकला, खोडला नाही." सहा आठवड्यांत सगळा वर्ग होतो आणि वर्णनात्मक नोंदीत "प्रयोगात रस घेतो" हे एकच वाक्य २७ वेळा लिहावं लागत नाही. शनिवार यासाठी सोपा पडतो. पहिली-दुसरीच्या सरांना मात्र आधी सांगून ठेवा, भिंतीपलीकडे आवाज जातो. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मला "वर्गात शिस्त नाही" असा शेरा दिला होता. त्यानंतर कुणी आलं की मी त्यांच्याच हातात भिंगरी द्यायचे आणि मुलांना सांगायचे, साहेबांना डाव समजावून सांगा.

तुमच्या पेटीत नेमकं काय काय निघालं ते कळवा. त्यातलं तिसरीला काय आणि चौथीला काय ते सांगेन. आणि दोन-तीन चुंबक हरवतील. ते सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशांतून, आणायचे, मुलांच्या दप्तरात शोधायचे नाहीत.